हॅवलॉकला जायचंय? परतीच्या विमानापासून सुरुवात करा

दिवाळीचा फराळ संपत आला की मला फोन यायला लागतात. "अगं, तू अंदमानला जाऊन आलीयेस ना? हॅवलॉकला हॉटेल कुठलं घेऊ?" तीनदा जाऊन आले म्हणून नातेवाइकांत मी या विषयातली जाणकार ठरलेय. पण हॉटेल हा प्रश्न माझ्या यादीत पाचवा-सहावा येतो. त्या बेटावर तुमचा दिवस कसा जाणार हे बोट, भरती-ओहोटी आणि सूर्य हे तिघं ठरवतात. त्यांचं वेळापत्रक आधी हातात घेतलं की हॉटेल दहा मिनिटांत ठरतं. उलट केलं, तर महागडं हॉटेल घेऊन तुम्ही त्याच्या गॅलरीतून सुटलेली बोट बघत बसता. हे मी अनुभवावरून सांगतेय.

म्हणून खालचा क्रम पाळा. पहिल्यांदाच जाणाऱ्या, फारसं पोहता न येणाऱ्या, बरोबर एखादी सासू किंवा एखादं शाळकरी पोर असणाऱ्या कुटुंबाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

१. आधी नावांचा घोळ निस्तरा

हॅवलॉकचं सरकारी नाव आता स्वराज द्वीप, नील बेटाचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला, त्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षं झाली होती. २०२४ च्या सप्टेंबरात खुद्द पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. तिकिटांवर, नकाशांवर, रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनी-नवी दोन्ही नावं चालतात, त्यामुळे बुकिंग करताना गोंधळू नका. मी इथे जुनीच वापरतेय, कारण जेट्टीवर ओरडणारा माणूसही "हॅवलॉक, हॅवलॉक" असंच ओरडतो.

नकाशा असा: विमान उतरतं पोर्ट ब्लेअरला, वीर सावरकर विमानतळावर. तिथून हॅवलॉकला बोटीनेच जायचं. हॅवलॉकच्या दक्षिणेला छोटं नील. तिन्ही ठिकाणांचा एक त्रिकोण होतो आणि बोटीही त्या त्रिकोणात फिरतात. बहुतेकांची सहल यातच मावते.

२. महिना ठरवा, मग कालनिर्णय काढा

अंदमानात पाऊस दोनदा येतो. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी, आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा, चेन्नईसारखा. त्यात बंगालच्या उपसागरातली वादळं. म्हणजे "दिवाळीच्या सुट्टीत जाऊ" हा मराठी घरांतला लाडका बेत तिथल्या हवामानाला फारसा मानवत नाही. शाळा आडवी येत नसेल तर जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत जा. समुद्र शांत असतो आणि पाणी नितळ. नाताळच्या आठवड्यात गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात.

महिना ठरला की भिंतीवरचं कालनिर्णय काढा. हसू नका. कोकणातल्या कुणाही मच्छीमाराला विचारा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. हे गणित अंदमानलाही लागू आहे. लागू नाही तो "तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ" हा आपल्या किनाऱ्याचा हिशेब. तो तिकडे नेऊ नका, पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर बघा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

याचा उपयोग काय? नीलवर लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथले लोक तिला गमतीने हावडा ब्रिज म्हणतात. तिथपर्यंत खडकांवरून चालत जायचं तर ओहोटीच लागते. पहिल्या खेपेला आम्ही ऐन भरतीला पोहोचलो. कमान लांबून दिसली, वाट पाण्याखाली, आणि आमच्या रिक्षावाल्याने शांतपणे विचारलं, "टाइम देखके नहीं आया?" दुसऱ्या खेपेला ओहोटीला गेलो तेव्हा त्याच खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, निळसर ओठांचे शिंपले, एक घाबरलेलं ऑक्टोपसचं पिल्लू असं सगळं बघत दीड तास गेला.

दुसरा उपयोग रात्रीचा. हॅवलॉकच्या खारफुटीत रात्री कयाकमधून नेतात, वल्हं मारलं की पाण्यात निळसर उजेड चमकतो. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची ती करामत. चांदणं असेल तर काही दिसत नाही, त्यासाठी अमावास्येच्या आगेमागेचे दिवस हवेत. थोडक्यात, दिवसा खोल ओहोटी आणि रात्री गडद अंधार, दोन्ही एकाच मुहूर्तावर. अमावास्येला घराबाहेर पडू नये म्हणणाऱ्या आजीला हे कसं समजवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

३. आराखडा शेवटच्या दिवसापासून मागे आखा

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल.

परतीचं विमान ज्या दिवशी, त्याच्या आदल्या रात्री तुम्ही पोर्ट ब्लेअरमध्येच असायला हवं. "सकाळच्या बोटीने येऊ, दुपारचं विमान पकडू" हा बेत कागदावर अगदी बसतो. पण वारा वाढला की बोटी रद्द होतात, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते, त्यांना नौदलाने आणि तटरक्षक दलाने बाहेर काढलं. असं दरवर्षी होत नाही, पण एखाददुसरी फेरी रद्द होणं नेहमीचंच. आमच्या पहिल्या सहलीत आम्ही हीच हुशारी केली. बोट तीन तास उशिरा सुटली, विमान गेलं, आणि चार जणांची ऐनवेळची तिकिटं काढताना नवऱ्याचा चेहरा कसा झाला होता ते अजून आठवतं.

दुसरी अट डायव्हिंगची. स्कूबा, म्हणजे हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणं, करून लगेच विमानात बसायचं नसतं. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. विमानात हवेचा दाब कमी असल्याने त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तासांचं अंतर ठेवायला सांगतात, मी सरळ २४ धरते. म्हणून डाइव्ह सहलीच्या सुरुवातीला घ्या. बोटीने प्रवास करायला काही हरकत नाही.

या दोन अटी पाळल्या की सहा रात्रींचा बेत आपोआप तयार होतो. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला उतरा आणि तिथेच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, संध्याकाळी राधानगरचा किनारा. तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा आणि दुपारी झोप, खरोखर झोप, कारण पाण्यातून आल्यावर अंग आंबतं. चौथा दिवस एलिफंट बीचचा. पाचव्या दिवशी बोटीने नील, तिथे एक रात्र. सहाव्या दिवशी दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर, सातव्या दिवशी विमान. यापेक्षा कमी दिवस असतील तर नील गाळा, आदली रात्र गाळू नका.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांसाठी अख्खा दिवस लागतो, पहाटे तीन-साडेतीनला उठावं लागतं आणि रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. त्या रस्त्यावर गाड्या ताफ्याने सोडतात. जारवांचे फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं, गाडी थांबवणं हे गुन्हे आहेत. पहिल्या सहलीत मी तरी हे सुचवत नाही.

४. तिकिटं: आधी विमान, लगेच बोट

मुंबई-पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बेंगळुरूमार्गे जावं लागतं. अधूनमधून थेट विमानही असतं. चेन्नईहून पुढे सव्वादोन तास धरा. पोर्ट ब्लेअरची बहुतेक विमानं सकाळी आणि दुपारी, त्यामुळे मुंबईहून मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे निघायची तयारी ठेवा. जोडविमान एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं काढून हजार रुपये वाचवणाऱ्यांना मी चेन्नई विमानतळाच्या खुर्च्यांवर झोपलेलं पाहिलंय.

बोटी दोन प्रकारच्या. खासगी कॅटमरान, मक्रूझ, नौटिका वगैरे, वातानुकूलित, बंद खिडक्यांच्या आणि साधारण दीड तासात पोहोचवणाऱ्या. सरकारी बोट स्वस्त, अडीच तासांच्या आसपास घेणारी, स्थानिकांनी भरलेली आणि डेकवर उभं राहू देणारी. मला स्वतःला सरकारीच आवडते. वारं लागतं, उडते मासे दिसतात, शेजारची बाई तिच्या मुलीच्या बारावीच्या निकालाबद्दल सांगते. पण तिची तिकिटं मिळवणं बाहेरच्याला कटकटीचं होतं, त्यामुळे पहिल्यांदा खासगी घ्या, आणि विमानाची तिकिटं काढली त्याच आठवड्यात घ्या. ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा, जेट्टीवर तपासतात. भारतीयांना हॅवलॉक-नीलसाठी वेगळा परवाना लागत नाही.

आणि ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी. मावशी म्हणाली, "मी रेवस-भाऊच्या धक्क्याने शंभरदा गेलेय, मला काय होतंय." बंद कॅटमरान डोलायला लागली आणि पाऊण तासात मावशी कागदी पिशवीत तोंड घालून. बोट लागण्याची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नाही. कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा, विशेषतः रक्तदाबाची औषधं चालू असतील तर. बोटीत मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची जागा मागा; पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त हिसके बसतात. पोट रिकामं नको आणि पुरी-भाजीने भरलेलंही नको.

५. आता हॉटेल

हॅवलॉकवरचे किनारे आकड्यांनी ओळखतात. बाजार गोविंदनगरला, तो तीन नंबर. पाच नंबर विजयनगर. राधानगर म्हणजे सात नंबर, बेटाच्या पलीकडच्या, पश्चिमेच्या बाजूला, जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटर. तीन ते पाच नंबरच्या पट्ट्यात बहुतेक हॉटेलं, डाइव्ह शाळा आणि खाणावळी आहेत. पहिल्यांदा जाताना तिथेच राहा.

फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. हॉटेलवाले "थेट समुद्रकिनारी" म्हणून पैसे लावतात, पण या पूर्वेच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि खाली टोकदार खडक, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात. खोलीतून उठून सरळ डुंबायला जाऊ, असं मनात असेल तर विरस होईल. नारळाच्या सावलीत बसून सूर्योदय बघायला मात्र ही बाजू सुरेख. डुंबायचं राधानगरला. मऊ पांढरी वाळू, तळ सपाट, जीवरक्षक हजर. २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२० मध्ये त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. कोरल, म्हणजे प्रवाळ, बघायला मात्र राधानगरला जाऊ नका. तिथे वाळू आहे, कोरल नाही. दरवर्षी कुणीतरी मास्क-नळी घेऊन तिथे उतरतो आणि वाळू बघून वर येतो.

बेटावर फिरायला स्कूटर भाड्याने मिळते, रिक्षा आणि जीपही आहेत. स्कूटर घेताना तिचे सगळे ओरखडे मोबाइलवर टिपून ठेवा. मालकासमोरच टिपा.

६. घड्याळ तास-दीड तास मागे आहे असं समजा

अंदमान आपल्यापासून जवळजवळ २० रेखांश पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. परिणाम असा की डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो आणि पाचच्या आसपास मावळतो. हे मुंबईकराच्या अंगवळणी पडायला दोन दिवस जातात, आणि तेवढ्यात सहल निम्मी संपते. नऊला न्याहारी, अकराला बाहेर, चारला चहा असा सुट्टीचा थाट इथे केलात तर समुद्र तुम्हाला भेटणारच नाही. साडेपाचला उठा. स्कूबा साडेसहा-सातला सुरू होतं, तेव्हा पाणीही शांत असतं. राधानगरचा सूर्यास्त बघायचा तर साडेतीनला तिथे हजर राहा. अंधार पडायला लागला की जीवरक्षक शिट्ट्या मारून सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

७. पाण्यात उतरणं

दोन वाटा आहेत. स्नॉर्केलिंग म्हणजे तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, अंगात लाइफ जॅकेट, आणि पाण्यावर उताणं पडायच्या उलट, म्हणजे पालथं पडून खाली बघत राहायचं. पोहता येत नसलं तरी जमतं, गाइड तरंगत्या ट्यूबला धरून ओढत नेतो. यासाठी एलिफंट बीच. जेट्टीवरून बोटीने वीस-पंचवीस मिनिटं, किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून साधारण दोन किलोमीटर पायवाट. पावसानंतर त्या वाटेवर चिखल आणि जळवा. ज्येष्ठांना घेऊन बोटीनेच जा, आणि पहिल्याच बोटीने जा, दहानंतर तिथे जत्रा भरते. किनाऱ्यावर आडवी पडलेली, उन्हाने पांढरी झालेली मोठमोठी झाडं २००४ च्या त्सुनामीची आठवण आहेत.

दुसरी वाट स्कूबाची. प्रमाणपत्र नसणाऱ्यांसाठी एका डाइव्हचा अनुभव मिळतो, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत, वय किमान १० वर्षं. तुमच्या सिलिंडरला धरून प्रशिक्षक सतत बरोबर असतो. आधी कंबरभर पाण्यात अर्धा तास सराव. याच अर्ध्या तासात सगळं ठरतं, म्हणून तो घाईत उरकणारी डाइव्ह शाळा सोडून द्या. मी निवड करताना एवढंच विचारते: एका प्रशिक्षकाबरोबर किती जण? उत्तर "एक" हवं. आणि प्रकृतीचा फॉर्म भरून घेतात का? दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर लपवू नका. सर्दी असेल तरीही त्या दिवशी नको. फॉर्मवर सगळीकडे "नाही" अशी खूण करून मोकळे होणारे आपल्याकडे पुष्कळ. पाण्याखाली १० मीटरवर दाब दुप्पट होतो, तिथे थाप चालत नाही.

पहिल्यांदा डोकं पाण्याखाली गेलं तेव्हा माझं काय झालं ते सांगते, म्हणजे तुमचं तसंच झालं तर घाबरणार नाही. नाक मास्कमध्ये बंद, तोंडात रबराचा तुकडा, आणि मेंदू ओरडत होता, "इथे श्वास घ्यायचा नसतो!" दोनदा मी धडपडून उभी राहिले. तिसऱ्यांदा प्रशिक्षकाने फक्त माझा हात धरला आणि बोटाने हळूहळू मोजायला लागला, चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. मग स्वतःच्याच श्वासाचा आवाज ऐकू आला, हुक्का ओढल्यासारखा. खाली जाताना दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, कान मोकळा होतो. दुखायला लागल्यावर नाही, दुखण्याआधी. दुखलंच तर थोडं वर यायचं आणि पुन्हा फुंकायचं. खुणा पाठ करा: अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेलं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. नुसता अंगठा वर म्हणजे "मस्त" नव्हे, "मला वर न्या". माझ्या भाच्याने आनंदाच्या भरात अंगठा दाखवला आणि पाचव्या मिनिटाला तो पृष्ठभागावर होता.

आणि मग कान लावून ऐका. पोपटमासा दिसला की त्याच्या जवळपास कुरुमकुरुम आवाज येतो. तो चोचीने प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो, सोबत गेलेला चुना घशातल्या दातांनी दळतो आणि मागून बारीक वाळू सोडतो. तुम्ही ज्या पांढऱ्या वाळूवर चटई पसरता तिच्यातला काही भाग असा तयार झालेला आहे. मला हे कळल्यावर चटईबद्दल थोडं वेगळं वाटायला लागलं.

आधी तालीम हवी असेल तर मालवण-तारकर्लीला करून बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ आहेत आणि तिथेही स्नॉर्केलिंग-स्कूबा होतं. पाणी हॅवलॉकइतकं नितळ नसतं, पण तोंडाने श्वास घ्यायची भीती तिथेच गेली तर अंदमानातला महागडा वेळ वाचतो.

८. कोरलशी कसं वागायचं

प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. सुईच्या टोकाएवढ्यापासून नखाएवढ्यापर्यंतचे असंख्य जीव चुन्याची घरं बांधत राहतात, त्यांची ही वसाहत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, तीच त्यांना अन्न आणि रंग पुरवतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे तापलेलं राहिलं, तरी प्रवाळ ही शैवालं बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणात झालं. त्यामुळे जाहिरातीतल्या फोटोसारखी रंगांची उधळण सगळीकडे दिसेल या भ्रमात राहू नका. राखाडी, शेवाळलेले पट्टे दिसतील आणि त्यांच्यामध्येच जांभळी, पिवळी, हिरवी जिवंत टोकंही. मासे मात्र भरपूर.

शिंगांसारख्या फांद्यांचा प्रवाळ वर्षाला दहा-वीस सेंटीमीटर वाढतो, पण गोल, डोंगरासारखा दिसणारा जेमतेम सेंटीमीटरभर. त्याच्यावर एकदा उभं राहून सेल्फी काढला तर कितीचं नुकसान, हिशेब करा. दमलात, घाबरलात तरी पाय खाली टेकू नका, लाइफ जॅकेट आहे, पाठीवर उलटा आणि तरंगत राहा. सनस्क्रीनच्या थराऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला. प्रशांत महासागरातल्या हवाई आणि पलाऊ या बेटांनी ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेली सनस्क्रीनं प्रवाळासाठी बंद केली आहेत. आपल्याकडे दुकानात कुणी विचारत नाही, पण बाटलीमागची यादी तुम्ही वाचू शकता. पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या अशा भाजतात की रात्री चादरही सहन होत नाही, हा टीशर्टचा दुसरा फायदा.

पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जाता येतं, ते १९८३ मध्ये झालं. तिथलं जॉली बॉय बेट कोरलसाठी हॅवलॉकपेक्षाही सरस असं माझं मत. प्लॅस्टिक अजिबात नेऊ देत नाहीत, पिशव्या तपासतात. परवाना आणि बेट कुठल्या महिन्यांत उघडं असतं ते आधी पाहा. हातात एक दिवस जास्त असेल तर हाच घाला.

९. जपायच्या गोष्टी

मगर. होय, खाऱ्या पाण्यातली. अंदमानच्या खाड्यांत आणि खारफुटीत त्या आहेत, आणि २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये एका पर्यटकाचा मगरीने बळी घेतला. फलक लावलेल्या ठिकाणी उतरू नका, खाडीच्या तोंडाशी उतरू नका, पहाटे-संध्याकाळी निर्जन पाण्यात जाऊ नका. एवढं पाळलंत तर काळजीचं कारण नाही.

त्याहून जास्त छळतील त्या वाळूमाश्या. दिसत नाहीत, चावल्याचं तेव्हा कळतही नाही, दुसऱ्या दिवशी पायांवर लाल फोड आणि आठवडाभर खाज. खोबरेल तेलाचा जाड हात पायांना लावून बसा आणि थेट वाळूत न बसता खुर्चीत किंवा चटईवर बसा.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारलं, पण हॅवलॉकवर ते लहरी आहे, आणि यूपीआय अडकलं की दुकानदार तुमच्याकडे आणि तुम्ही मोबाइलकडे बघत राहता. बोटीची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून न्या.

जेवणाची आबाळ होत नाही. १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी हॅवलॉक वसवलं, म्हणून गावांची नावं कृष्णनगर, श्यामनगर अशी आणि बाजारातल्या खाणावळीत भात, मसूर डाळ, मोहरीच्या तेलातला मासा. हॉटेलच्या निम्म्या पैशात दुप्पट चव. शाकाहाऱ्यांना पोळी-भाजी मिळते, फक्त नारळ आणि कढीपत्त्याची आशा ठेवून मालवणी जेवण शोधू नका.

१०. पहिली संध्याकाळ आणि शेवटची सकाळ

पोर्ट ब्लेअरच्या पहिल्या दुपारी सेल्युलर जेल बघा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात पाकळ्यांपैकी तीन उरल्या आहेत. सावरकरांना इथे ४ जुलै १९११ ला आणलं. त्यांच्या कोठडीशी मराठी माणसांची रांग लागते, आणि तिथे मोठमोठ्याने बोलणारी आपलीच मंडळी असतात. रांगेत न थांबता आधी बाजूच्या कुठल्याही रिकाम्या कोठडीत एकटं उभं राहा, दार ओढून घ्या आणि वरच्या झरोक्याकडे बघा. संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश खेळाची तिकिटं लवकर संपतात. साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, आमचा एक मित्र दोन हजार किलोमीटर जाऊन बंद दाराचा फोटो काढून आला.

शेवटच्या सकाळी बॅग भरताना मात्र एक तपासणी कराच. सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला, मेलेला, चिमूटभर तुकडाही नेता येत नाही, शिंपल्यांच्या बाबतीतही तोच धोका, आणि विमानतळावर बॅगा यंत्रातून जातात. दुकानातून शंख-शिंपल्यांच्या वस्तू घेतल्या तर बिल जपून ठेवा. मोठी माणसं सहसा काही उचलत नाहीत, पोरं उचलतात. आमच्या भाचीच्या चड्डीच्या खिशातून तीन पांढरे तुकडे, एक खेकड्याची नांगी आणि निम्मं खाल्लेलं बिस्किट निघालं. तुकडे तिने स्वतः जाऊन पाण्यात टाकले, नांगीसाठी रडली. म्हणून पहिली झडती हॉटेलवर नको, किनारा सोडतानाच घ्या. ओले बूट उलटे करून झटका, खिसे बाहेर काढा, मग रिक्षात बसा.